डॉ. शांतिस्वरूप भटनागर

विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातून कापूस, कातडी व तेलबिया असा कच्चा माल जहाजे भरभरून परदेशी जात असे. तिकडच्या कारखान्यांत त्याचे कापड, चामडे व साबण बनत आणि तो पक्का माल कितीतरी अधिक किमतीने आपल्या बाजारात परत येई. ही वाढलेली किंमत कशाची होती? ती कौशल्याची व शास्त्रीय ज्ञानाची होती. हे ज्ञान आपल्याच विद्यापीठांत निर्माण व्हावे आणि ते आपल्याच उद्योगांच्या उपयोगी पडावे, यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांचे नाव अग्रभागी आहे.

शांतिस्वरूपांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ रोजी पंजाबातील भेरा या गावी झाला. १९४७ च्या फाळणीनंतर हे गाव पाकिस्तानात गेले. शांतिस्वरूप अवघे आठ महिन्यांचे असतानाच त्यांचे वडील वारले. त्यामुळे त्यांचे बालपण संयुक्त प्रांतातील सिकंदराबाद येथे आजोळी गेले. आजोबा इंजिनिअर होते. त्यांच्या सहवासात या मुलाला यंत्रांची गोडी लागली. यांत्रिक खेळणी करावीत, विजेच्या बॅटऱ्या जुळवाव्यात, दोऱ्याचा टेलिफोन करावा, यात तो रमून जाई.

पुढे ते शिक्षणासाठी लाहोरला गेले. १९११ मध्ये, विद्यार्थिदशेतच, त्यांनी अलाहाबादच्या एका वृत्तपत्राकडे एक पत्र धाडले. बॅटरीत कोळशाच्या कांड्या लागतात. त्यांच्याऐवजी मळी आणि कोळशासारखे पदार्थ एकत्र करून, त्यांना दाब व उष्णता देऊन तशाच कांड्या कशा करता येतील, हे त्यांनी त्यात सांगितले होते. टाकाऊ वस्तूतून उपयुक्त वस्तू करण्याची दृष्टी त्यांच्या ठायी किती लवकर आली होती, हे यावरून दिसते.

१९१९ मध्ये एम. एस्‌सी. झाल्यावर त्यांना परदेशी शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली. ते अमेरिकेस जाण्यासाठी निघाले होते. परंतु पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते आणि अमेरिकेकडे जाणाऱ्या जहाजांतील सर्व जागा परतणाऱ्या सैनिकांनी अडविल्या होत्या. तेव्हा त्यांनी लंडनमध्येच राहून रसायनशास्त्राचा अभ्यास केला आणि १९२१ मध्ये डी. एस्‌सी. ही पदवी मिळविली. स्वदेशी परतल्यावर ते बनारस हिंदु विश्वविद्यालयात प्राध्यापक झाले. त्यांचे मन केवळ शास्त्रातच रमणारे नव्हते. ते कवीही होते. त्या विश्वविद्यालयाचे कुलगीत त्यांनीच रचले आहे.

१९२४ मध्ये ते लाहोरला पंजाब विद्यापीठात आले व तेथील रसायनशाळेचे संचालक झाले. तेथे कारखानदार आपल्या अडचणी घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले. अशीच एक अडचण रावळपिंडीच्या अटक ऑइल कंपनीची होती. खनिज तेलासाठी जमिनीत खोल विहीर खणताना छिद्रात पातळ चिखल सोडावा लागतो. तो खणण्याच्या हत्याराला थंड ठेवतो आणि खडकाचा चुरा आपल्याबरोबर वर घेऊन येतो. परंतु वाटेत खारट थर लागला की चिखल घट्ट होई आणि सारे काम अडून बसे.

यंत्रे बदलून हे संकट टळण्यासारखे नव्हते. डॉ. भटनागर सूक्ष्म कणांच्या रसायनशास्त्राचे जाणकार होते. लिंबू पिळले की दूध जसे फाटते, तसे मिठाच्या संयोगाने चिखलातील मातीचे कण एकमेकांना चिकटतात, हे त्यांनी ओळखले. त्यांनी उपाय सुचविला तो अगदी साधा : चिखलात एक देशी डिंक मिसळावा. काजळाच्या शाईत आपले पूर्वज डिंक घालीत. त्यामुळे काजळाचे कण गोळा होऊन तळाशी बसत नसत. चिखलातही तेच घडले. डिंकामुळे मातीचे कण सुटे राहिले, चिखल पातळ राहिला आणि खणण्याचे काम सुरळीत झाले.

कंपनीच्या चालकांना अतिशय आनंद झाला. पुढील संशोधनासाठी त्यांनी डॉ. भटनागरांना १,५०,००० रुपये देऊ केले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. ती स्वतःकडे ठेवली असती, तर कोणी त्यांना दोष दिला नसता. परंतु हे धन विद्यापीठाच्या हाती द्यावे, असा त्यांनी आग्रह धरला. त्यातून विद्यापीठात पेट्रोलियम संशोधनाचा विभाग निघाला आणि तरुण संशोधकांना कामाची संधी मिळाली. मेणाचा वास घालविणे, रॉकेलच्या ज्योतीची उंची वाढविणे, तेलगिरण्यांतील टाकाऊ पदार्थ उपयोगात आणणे, असे अनेक प्रश्न त्यांनी हाती घेतले. पुढे कंपनीने देणगीची रक्कम व मुदत दोन्ही वाढविली.

कारखान्यांची कामे करताना डॉ. भटनागरांनी शुद्ध शास्त्राकडे मात्र पाठ फिरविली नाही. १९२८ मध्ये त्यांनी माथुर या सहकाऱ्यासमवेत पदार्थांचे चुंबकीय गुण मोजणारा एक नाजूक तराजू तयार केला. लंडनची एक नामांकित कंपनी तो बनवून विकू लागली. शास्त्रीय उपकरणे विलायतेहून मागविण्याच्या त्या काळात लाहोरच्या प्रयोगशाळेतील कल्पनेला विलायतेत मागणी यावी, ही गोष्ट लहान नव्हती.

१९४० मध्ये औद्योगिक संशोधनाची धुरा सरकारने त्यांच्यावर सोपविली. शास्त्रज्ञांचे शोध वापरणाऱ्या कारखान्यांकडून मिळणारे मानधन वेगळ्या निधीत ठेवावे व ते पुन्हा संशोधनासाठीच खर्चावे, ही त्यांची सूचना सरकारने मान्य केली. शेतकरी जसा पिकातून पुढच्या वर्षाचे बियाणे राखून ठेवतो, तशीच ही व्यवस्था होती. १९४२ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली आणि डॉ. भटनागरांच्या प्रयत्नाने ठिकठिकाणी राष्ट्रीय प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्‌घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, चामड्याच्या संशोधनाची संस्था निघाली. १९७३ मध्ये कच्च्या कातड्याच्या निर्यातीवर बंधने घालून पक्का माल परदेशी पाठविण्याचे धोरण देशाने स्वीकारले. तेव्हा या संस्थेतील ज्ञान चर्मोद्योगाच्या कामी आले.

हे दिवस पाहण्यास मात्र डॉ. भटनागर हयात नव्हते. १ जानेवारी १९५५ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. १९५८ पासून त्यांच्या नावाने भारतीय शास्त्रज्ञांना पारितोषिके देण्यात येऊ लागली.

विद्येने उद्योगाची अडचण दूर करावी आणि उद्योगाने मिळविलेल्या धनातून विद्येचे पोषण व्हावे, हा धडा त्यांनी आपल्या आचरणाने घालून दिला. देशाची संपत्ती त्याच्या शेतांत व खाणींत असते, तशीच ती त्याच्या विद्यार्थ्यांच्या बुद्धीतही असते. या संपत्तीची जोपासना करणाऱ्या थोर पुरुषांत डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांचे स्थान मोठे आहे.