सायकलवर फिरून घंट्या बसवणारा मेकॅनिक गाड्यांच्या विजेचा बाप कसा झाला? गोष्ट रॉबर्ट बॉश यांची

बाईकला फॉग लाईट लावायला गॅरेजमध्ये गेलात की फिटर एक छोटी काळी डबी काढतो. ती म्हणजे रिले. तिच्या पिनांजवळ आकडे असतात, 30, 85, 86, 87. 30 ला बॅटरीचा प्लस, 87 मधून लाईटला करंट, आणि 85-86 वर हँडलवरच्या स्विचची वायर आणि अर्थ. पुण्यात बसवा नाहीतर परभणीत, आकडे हेच. कारण ते डीआयएन 72552 या जर्मन मानकातले आहेत.

गाडीतल्या विजेच्या कामात जर्मन लोकांचा शब्द चालतो, त्याला कारण असलेली माणसं बरीच. पण त्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे रॉबर्ट बॉश.

23 सप्टेंबर 1861 ला दक्षिण जर्मनीत, उल्म शहराजवळच्या आल्बेक गावात रॉबर्टचा जन्म झाला. बारा भावंडांत अकरावा. वडिलांची खानावळ होती, शेती होती, खाऊनपिऊन सुखी घर. पोराचं मन शाळेत काही रमलं नाही, म्हणून त्याला उल्ममध्ये बारीक यंत्रांचं काम शिकायला ठेवलं. पुढं गडी थेट अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या कारखान्यात लागला. तिथून इंग्लंडमध्ये सीमेन्सकडे. वीज तेव्हा नवीन होती आणि ती जिथं तयार होत होती तिथंच जाऊन तो शिकला.

15 नोव्हेंबर 1886 ला स्टुटगार्टमध्ये बॉश यांनी स्वतःचं वर्कशॉप टाकलं. वारशात आलेल्या पैशातून 10,000 मार्क भांडवल, हाताखाली एक मेकॅनिक आणि एक वरकामाचा पोरगा. काम काय, तर पडेल ते. विजेच्या घंट्या, टेलिफोन, त्यांची दुरुस्ती. बॉश सायकलवरून गिऱ्हाइकांकडे जायचे. त्या काळात स्टुटगार्टच्या रस्त्यावर सायकल दिसणं हीच नवलाई होती, त्यामुळं जाहिरात फुकटात व्हायची. तरी पुढची काही वर्षं ओढाताणीचीच गेली. 1890 नंतर एकदा तर बहुतेक कामगार कमी करायची वेळ आली.

या सगळ्यात एक वस्तू हळूहळू खपत होती. 1887 मध्ये एका गिऱ्हाइकानं जागेवर चालणाऱ्या इंजिनासाठी मॅग्नेटो मागितला होता. मॅग्नेटो म्हणजे चुंबक आणि तारेची कॉइल. दोन्हीतलं एक दुसऱ्याजवळ हललं की कॉइलमध्ये करंट तयार होतो आणि इंजिनात ठिणगी पडते. बॅटरीची गरजच नाही. किक मारली की ठिणगी.

खरा खेळ सुरू झाला 1897 मध्ये. फ्रेडरिक सिम्स नावाचे उद्योजक एक द द्यों-बुतों घेऊन आले. ही तीन चाकांची फ्रेंच मोटर ट्रायसिकल, म्हणजे मोटरसायकलच्या घराण्यातलीच. तिच्यात बॅटरीवर ठिणगी पडायची. अडचण अशी की त्या बॅटरीला गाडीवर चार्ज करणारं काहीच नव्हतं. बॅटरी उतरली की गाडी ढकला. दुसऱ्या काही गाड्यांमध्ये ज्योतीवर नळी लाल करून पेट्रोल पेटवायचे. शेजारी पेट्रोलची टाकी आणि इकडं उघडी ज्योत!

पण बॉश यांचा मॅग्नेटो संथ इंजिनासाठी बनलेला. ट्रायसिकलचं इंजिन भलतंच वेगात फिरायचं. त्यांच्याकडच्या आर्नोल्ड त्सेरिंगर यांनी तोडगा काढला. जड आर्मेचर जागेवर ठेवायचं आणि त्याच्याभोवतीची हलकी धातूची नळी तेवढी हलवायची. जमलं. पुढं 1902 मध्ये गोटलोब होनोल्ड या इंजिनिअरनं जास्त व्होल्टेजचा मॅग्नेटो आणि त्याला जोडून स्पार्क प्लग आणला आणि कंपनीचं नशीब फिरलं. पहिल्या महायुद्धाआधी 80 टक्क्यांहून जास्त विक्री जर्मनीबाहेर होत होती. बीएमडब्ल्यूची पहिली मोटरसायकल, 1923 ची आर 32, तिलाही बॉशचाच मॅग्नेटो होता.

आता फॉग लाईटकडे येऊ. ठिणगीपुरता मॅग्नेटो ठीक, पण दिवा? तेव्हा गाड्यांवर कार्बाइडचे दिवे असायचे. पाणी टाका, गॅस तयार करा, काडी लावा. 1913 मध्ये बॉशनं हेडलाईट विकायला काढला, पण नुसता दिवा नाही. दिव्याबरोबर डायनॅमो, बॅटरी आणि रेग्युलेटर, असा पूर्ण संच.

हा विचार दिव्यापेक्षा मोठा होता. डायनॅमो कमावतो, बॅटरी साठवते, दिवा खर्च करतो आणि रेग्युलेटर हिशेब सांभाळतो. आज बाईकमध्ये डायनॅमोच्या जागी मॅग्नेट कॉइल आहे, रेग्युलेटरला गॅरेजवाले आरआर युनिट म्हणतात, बाकी हिशेब तोच. 20-20 वॅटचे दोन फॉग लाईट म्हणजे 40 वॅट, 12 व्होल्टवर जवळपास 3.3 अँपिअरचा जादा खर्च. त्यात मोबाईल चार्जर आणि मोठा हॉर्न. कॉइलची कमाई तेवढी नसेल तर उरलेलं बॅटरीतून जातं आणि एका सकाळी बॅटरी बसते. दोष लाईटच्या कंपनीला दिला जातो. त्यातही हेडलाईटच्या वायरला टेप मारून डायरेक्ट जोडलं असेल तर सगळा भार त्या बारीक वायर आणि स्विचवर येतो. म्हणूनच बॅटरीपासून वेगळी वायर, बॅटरीजवळच फ्यूज आणि मध्ये रिले.

गंमत म्हणजे या संचानं मॅग्नेटोचाच धंदा खाल्ला. गाडीत चार्ज होणारी बॅटरी आली, मग ठिणगीही तिच्यावर पाडणं स्वस्त पडू लागलं. 1925 मध्ये बॉशनं स्वतःच बॅटरीवरची इग्निशन बाजारात आणली. 1921 ला हॉर्न, 1926 ला वायपर, 1927 ला डिझेल पंप, असं करत कंपनी त्या तडाख्यातून निघाली.

मालक म्हणून माणूस कडक. जमिनीवर पडलेली क्लिपही वाया जाऊ द्यायचे नाहीत, असा किस्सा सांगतात. पण 1906 मध्येच त्यांनी कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला, जर्मनीत तो कायदा व्हायच्या बारा वर्षं आधी. बाकीचे कारखानदार त्यांना लाल बॉश म्हणू लागले. तरी 1913 मध्ये त्यांच्याच कारखान्यात मोठा संप झाला. 1921 मध्ये मुलगा रॉबर्ट दीर्घ आजारानं गेला आणि वारसाचा प्रश्न उघडा पडला.

शेवटचा काळ मात्र सरळ सांगता येत नाही. बॉश नाझींचे विरोधक. त्यांनी ज्यूंना मदत केली, हिटलरविरोधी कटातल्या कार्ल ग्योर्डेलर यांना सल्लागार म्हणून पगार दिला. त्याच वेळी त्यांची कंपनी हिटलरच्या सैन्यासाठी माल बनवत होती आणि युद्धकाळात तिथं सक्तीनं आणलेले हजारो मजूर राबले. यातली एक बाजू सांगून दुसरी गाळणं बरोबर नाही. 12 मार्च 1942 ला बॉश वारले तेव्हा ज्या सरकारचा त्यांना तिटकारा होता त्यानंच सरकारी इतमामात अंत्यसंस्कार केले. ग्योर्डेलर यांना 1945 मध्ये फाशी झाली.

कंपनीतली बहुतांश मालकी त्यांच्या इच्छेनुसार 1964 मध्ये एका धर्मादाय संस्थेकडे गेली. नफ्यातला तिचा वाटा आजही दवाखाने, संशोधन आणि शिक्षणावर खर्च होतो.

भारतात बॉशचा माल 1922 पासून कोलकात्यात विकला जायचा. 1951 मध्ये बेंगळुरूत मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, सुरू झाली आणि पुढं तिचा कारखाना नाशिकलाही आला. 2008 मध्ये मायकोचं नाव बदलून बॉश झालं. नाशिकमध्ये रिक्षावाल्याला मात्र अजूनही मायको सर्कलच सांगावं लागतं.