विश्लेषण : बागलाणातून गेलेला ‘जाँ-बाप्तिस्त’ कोण होता? निळा हिरा त्याने खरंच मूर्तीचा डोळा काढून नेला का?

वणीहून सापुताऱ्याकडे निघालं की थोड्याच वेळात गुजरातची हद्द लागते आणि पुढे रस्ता सुरतेकडे उतरतो. सुरत बंदर आणि दख्खन यांना जोडणाऱ्या डोंगरवाटा या भागाला नव्या नाहीत. साडेतीनशे वर्षांपूर्वी याच डोंगररांगांच्या पलीकडून, नवापूर-पिंपळनेरच्या अंगाने, एक फ्रेंच जवाहिऱ्या बैलगाडीतून गोवळकोंड्याकडे जात असे. त्याचं नाव जाँ-बाप्तिस्त ताव्हेर्निए. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तो ‘टॅव्हर्निअर’ म्हणून भेटतो. मयूरासनाचं वर्णन असो की मुघलकाळातील हिऱ्यांच्या खाणी, त्याच्या पुस्तकाचा आधार घेतल्याशिवाय अभ्यासकांचं पान हलत नाही. समाजमाध्यमांवर मात्र तो वेगळ्याच कारणासाठी फिरत असतो. त्याने म्हणे भारतातल्या मंदिरातील मूर्तीचा डोळा काढून निळा हिरा पळवला आणि त्या शापाने पुढे रशियात कुत्र्यांनी त्याचे लचके तोडले. यात खरं किती?

नावाचा घोळ काय आहे?

मोबाइलवर नुसतं ‘जाँ-बाप्तिस्त’ शोधलं, तर समोर गर्दीच उभी राहते. मोलिएर या टोपणनावाने गाजलेल्या नाटककाराचं खरं नाव जाँ-बाप्तिस्त पोक्लँ. उत्क्रांतीचा विचार डार्विनच्या आधी मांडणारा लामार्क हाही जाँ-बाप्तिस्त. स्वीडनचा राजा झालेला फ्रेंच सेनापती बेर्नादोत तोही. चौदाव्या लुईचा अर्थमंत्री कोल्बेर, ज्याच्या पुढाकाराने १६६४ मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी निघाली, त्याचंही नाव तेच. मराठी वाचकाला जवळचा म्हणजे दौलतराव शिंदे यांच्या फौजेतला सेनाधिकारी जाँ-बाप्तिस्त फिलोज. हा बापाकडून इटालियन.

जाँ-बाप्तिस्त म्हणजे बाप्तिस्मा देणारा योहान, येशूच्या आधीचा संत. फ्रेंचांत अशी जोडनावं सर्रास ठेवतात. त्यातला दुसरा शब्द म्हणजे आपल्यासारखं वडिलांचं नाव नव्हे. दोन्ही मिळून एकच नाव, मध्ये जोडरेघ. त्यामुळे एकट्या ‘जाँ’ने किंवा एकट्या ‘बाप्तिस्त’ने काम भागत नाही.

टॅव्हर्निअर हिऱ्यांकडे कसा वळला?

त्याचा जन्म १६०५ चा, पॅरिसचा. घराणं प्रोटेस्टंट पंथाचं आणि अँटवर्पहून आलेलं. वडील गाब्रिएल यांचा धंदा नकाशांचा. घरात नकाशांवरून चाललेल्या गप्पा ऐकतच पोरगा मोठा झाला आणि विशी-बाविशीपर्यंत त्याने निम्मा युरोप पालथा घातला. पुढच्या सुमारे ४० वर्षांत पूर्वेकडे सहा सफरी झाल्या. पहिली इराणपर्यंतच होती. १६३८ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या सफरीत तो भारतात पोहोचला आणि नंतर येतच राहिला. हिरे, माणकं, मोती हा माल अंगावर लपवून नेता येतो, वजनाला हलका आणि किमतीला भारी. एकट्या माणसाने करण्यासारखा हा धंदा होता, आणि टॅव्हर्निअर कुठल्या कंपनीचा नोकर नव्हता. लग्नही त्याने १६६२ मध्ये, पन्नाशी उलटून गेल्यावर केलं. बायको मादलेन एका जवाहिऱ्याचीच मुलगी. पुढच्याच वर्षी तो सहाव्या सफरीला निघाला.

आपल्या भागाबद्दल त्याने काय लिहिलं?

सुरत ते गोवळकोंडा या वाटेवरचे मुक्काम त्याने क्रमाने नोंदवले आहेत. बारडोलीमार्गे नवापूर, तिथून पिंपळनेर, मग बागलाणच्या बाजूने दौलताबाद, औरंगाबाद, अंबड आणि पुढे नांदेडवरून गोवळकोंडा. सारं अंतर ३२४ कोस, वेळ २७ दिवस. १६५३ च्या प्रवासात त्याला पाच दिवस जास्त लागले. वणी या वाटेवर येत नाही. गाड्यांचा मार्ग रांगेच्या उत्तरेकडून होता. पण गावांची नावं वाचताना कसमादेतल्या किंवा साक्रीच्या माणसाला घरचा रस्ता वाचल्यासारखं वाटतं. फ्रेंच लिपीत ती जरा वाकडीतिकडी झाली आहेत, एवढंच.

नवापूरच्या तांदळावर तर तो फिदा होता. दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्मा, शिजल्यावर बर्फापेक्षा पांढरा आणि वास कस्तुरीचा. बडे लोक दुसरा तांदूळ खातच नाहीत, असं तो सांगतो. नवापूर-साक्रीकडच्या वासाच्या तांदळाची कीर्ती इतकी जुनी आहे तर!

बैलांबद्दल त्याने जितक्या आपुलकीने लिहिलं, तितकं सरदारांबद्दल लिहिलेलं नाही. गाडीच्या जोडीला त्याने जवळपास ६०० रुपये मोजले होते, ती त्या काळातली मोठी रक्कम. चांगली जोडी दुडक्या चालीने दोन-दोन महिने रोजची मजल मारते. दुपारी कणीक, तूप आणि काळा गूळ मळून केलेले गोळे, संध्याकाळी भरडून भिजवलेले हरभरे असा तिचा खुराक. शर्यतीचा बैल सांभाळणाऱ्याला हा खुराक वेगळा समजावून सांगायला नको.

लमाणांचे तांडेही याच वाटांवर त्याला भेटत. दहा-बारा हजार बैलांच्या पाठीवर धान्य, तांदूळ, मीठ लादलेलं. अरुंद वाटेत असा तांडा समोरून आला की तो निघून जाईपर्यंत दोन-तीन दिवस गाड्या बाजूला लावून बसावं लागे. महामार्गावरच्या कोंडीला वैतागणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.

नांदेडजवळ नदी ओलांडताना दर गाडीला चार रुपये भरावे लागत आणि सुभेदाराचा परवानाही लागे. ही नदी गंगेला मिळते, असं तो लिहून बसला आहे. ती अर्थातच गोदावरी. हा घोटाळा बहुधा आपल्याच माणसांमुळे झाला असावा. नाशिकला आजही लोक ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणतात, आणि बिचाऱ्या फ्रेंच माणसाने ते शब्दशः घेतलं असेल.

खाणींवर त्याने काय पाहिलं?

त्याच्या पुस्तकाचा खरा ऐवज इथे आहे. कृष्णाकाठची कोल्लूर खाण आज आंध्र प्रदेशात आहे आणि तिचा परिसर पुलिचिंतला धरणाच्या पाण्याखाली गेला आहे. टॅव्हर्निअर गेला तेव्हा तिथे बायका-पोरांसह सुमारे ६० हजार माणसं राबत होती, असा त्याचा अंदाज. पुरुष खणत, बायका आणि मुलं माती वाहून नेत. रावोलकोंडा या दुसऱ्या खाणीवर कसबी मजुराला वर्षाकाठी तीन पगोडे मिळत. विकल्या जाणाऱ्या मालावर राजाचे दोन टक्के ठरलेले. एका मजुराने डोळ्याच्या कोपऱ्यात खडा लपवला होता, तोही पकडला गेला.

सकाळी झाडाखाली व्यापाऱ्यांची दहा ते सोळा वर्षांची मुलं बसलेली असत. प्रत्येकाजवळ हिरे तोलायचा काटा आणि मोहरांची थैली. कुणी खडा विकायला आणला की तो आधी त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या मुलाच्या हातात जाई, मग हातोहात फिरे. परवडला तर घेत, नाहीतर तोंडातून शब्द न काढता परत. संध्याकाळी मालाची प्रतवारी करून तो मोठ्या व्यापाऱ्यांना विकायचा आणि नफा वाटून घ्यायचा. म्होरक्या मुलाला पाव टक्का जास्त.

मोठे सौदे तर एक शब्दही न बोलता होत. दोघे समोरासमोर बसत, हातावर कमरेचं वस्त्र टाकत आणि बोटांनी बोली लावत. पूर्ण पंजा धरला तर हजार, पाच बोटं म्हणजे पाचशे, एक बोट शंभर, अर्धं बोट पन्नास, टोक दहा. शेजारी बसलेल्यालाही भाव कळत नसे. आपल्याकडच्या बैलबाजारात उपरण्याखाली होणारा व्यवहार ज्याने पाहिला आहे, त्याला ही भाषा तोंडपाठ असेल.

मयूरासन आणि ‘ग्रेट मुघल’

१६६५ मध्ये सहाव्या सफरीत तो दिल्लीला औरंगजेबाच्या दरबारात गेला आणि १ नोव्हेंबरला त्याला बादशहाची जवाहिरं हातात घेऊन पाहायला मिळाली. मयूरासनावरचे मोठे लाल खडे त्याने मोजले. ते १०८ भरले. पाचूंची संख्या ११६ च्या आसपास. ‘ग्रेट मुघल’ म्हणून ओळखला जाणारा हिरा त्याने तोलला आणि त्याची आकृतीही काढली. अंडं मधोमध कापावं तसा आकार, वजन त्याच्या हिशेबाने सुमारे २८० कॅरट. कच्चा खडा ७८७ कॅरटच्या वरचा होता. बोर्जिओ नावाच्या व्हेनिसच्या कारागिराने तो घासून घासून इतका कमी केला की मजुरी राहिली बाजूला, बादशहाने उलट त्यालाच दहा हजार रुपये दंड केला. हा हिरा पुढे कुठे गेला, यावर आजही वाद आहेत. रशियातील ‘ऑर्लोव्ह’ हाच तो, असं बरेच अभ्यासक मानतात.

शिवरायांविषयीची त्याची माहिती कितपत खरी?

इथे सावध राहायला हवं. जे डोळ्यांनी पाहिलं आणि हातांनी तोललं, ते लिहिताना टॅव्हर्निअर चोख आहे. ऐकीव माहितीत तो घसरतो. शहाजीराजे विजापूरच्या कैदेतच वारले, असं तो लिहितो. प्रत्यक्षात १६४८ मध्ये कैद झालेले शहाजीराजे पुढच्याच वर्षी सुटले आणि १६६४ मध्ये कर्नाटकात शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून गेले. जानेवारी १६६४ मध्ये शिवरायांनी सुरत लुटली, तेव्हाही हा गृहस्थ भारतात नव्हता, वाटेवर होता. दुसऱ्या स्वारीनंतर, ऑक्टोबर १६७० मध्ये, वणी-दिंडोरीजवळ मराठ्यांनी दाऊदखान कुरेशीला झुंज दिली, त्या वेळी तो युरोपात जहागीरदार होऊन बसला होता. त्यामुळे मराठ्यांबाबत टॅव्हर्निअर म्हणतो म्हणून एखादी गोष्ट फॉरवर्ड करण्याआधी ती दुसऱ्या साधनांशी ताडून पाहिलेली बरी.

शिवाय पुस्तक त्याने एकहाती लिहिलेलं नाही. त्याच्या टिपणांना आणि तोंडी आठवणींना साम्युएल शाप्युझो या लेखकाने आकार दिला. ‘सहा सफरी’ १६७६ मध्ये पॅरिसला छापून निघाल्या.

मग निळ्या हिऱ्याचं काय?

१६६८ मध्ये परतल्यावर त्याने चौदाव्या लुईला हिऱ्यांचा मोठा साठा विकला. त्यात सुमारे ११५ कॅरटचा एक निळा हिरा होता, किंमत २ लाख २० हजार लिव्र. तो भारतात नेमका कुठे आणि कुणाकडून घेतला, हे त्याने कुठेही लिहिलेलं नाही. कोल्लूरचं नाव घेतलं जातं, पण तो अभ्यासकांचा तर्क आहे. मूर्तीचा डोळा, पुजाऱ्याचा शाप यांचा त्याच्या पुस्तकात मागमूस नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनी हिऱ्याला शापाची फोडणी दिली आणि ती लोकांना चवदार लागली.

राजाच्या जवाहिऱ्याने १६७३ मध्ये तो हिरा नव्याने पैलू पाडून लहान केला. क्रांतीच्या धामधुमीत, सप्टेंबर १७९२ मध्ये, तो पॅरिसमधून चोरीला गेला. नंतर लंडनमध्ये ४५.५२ कॅरटचा निळा हिरा दिसू लागला, तो ‘होप’. हॅरी विन्स्टन या अमेरिकी जवाहिऱ्याने १९५८ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला तो दिला, तोही चक्क टपालाने. चोरीला गेलेला आणि हा एकच, हे २००७ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात सापडलेल्या शिशाच्या साच्यामुळे पक्कं झालं.

नाशिककरांची गल्लत होते ती इथे. त्र्यंबकेश्वराचा म्हणून सांगितला जाणारा ‘नाशिक हिरा’ वेगळा. तो निळा नाही आणि टॅव्हर्निअरशी त्याचा संबंध नाही. तो १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाकडून इंग्रजांच्या हाती गेला. योगायोग इतकाच की १९४० मध्ये तो विन्स्टनकडेच आला आणि नव्याने घासून ४३.३८ कॅरटचा झाला. मंदिरातून हिरा गेल्याची खरी हळहळ आपल्याकडे या हिऱ्याची आहे. ती टॅव्हर्निअरच्या खात्यावर टाकून उपयोग नाही.

शेवट कसा झाला?

लुईने त्याला सरदारकी दिली. १६७० मध्ये त्याने जिनिव्हाजवळची ओबोन ही जहागीर विकत घेतली. पण बैठं आयुष्य मानवेना. त्यात फ्रान्समध्ये प्रोटेस्टंटांचे दिवस फिरले. १६८४ मध्ये ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरने पूर्वेकडच्या व्यापारासाठी त्याला बर्लिनला बोलावलं. १६८५ मध्ये लुईने प्रोटेस्टंटांना संरक्षण देणारा जुना फर्मानच रद्द केला, आणि त्याच वर्षी टॅव्हर्निअरने ओबोन विकून टाकलं. ऐंशी ओलांडलेला हा माणूस रशियामार्गे पुन्हा पूर्वेकडे निघाला आणि १६८९ मध्ये मॉस्कोत वारला.

कुत्र्यांनी फाडल्याच्या गोष्टीला आधार नाही. १८७६ मध्ये मॉस्कोतील जुन्या प्रोटेस्टंट दफनभूमीत त्याच्या नावाचा दगड सापडला.