एका बाबांनी केलेली वही

मूल जेवेना की बागुलबुवा आणि हट्ट करायला लागलं की सुई टोचणारे डॉक्टरकाका, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतही हेच चालायचं. त्याचा त्रास व्हायचा तो बिचाऱ्या डॉक्टरांना. मूल खरंच आजारी पडलं आणि डॉक्टर दारात आले, की ते त्यांना बघूनच हंबरडा फोडायचं. मग नाडी बघायची कशी न् ताप बघायचा कसा?

फ्रँकफर्टचे डॉ. हाइनरिश हॉफमन यांनी यावर स्वतःपुरता एक उपाय शोधला होता. खिशातून कागद-पेन्सिल काढायची आणि एक पोरगा काढायचा. हा केस कापू देत नाही, नखं काढू देत नाही, असं सांगत सांगत केस वाढवायचे, नखं वाढवायची. शेवटी कागदावर नुसत्या झिंज्या आणि नखंच उरायची. तोवर रडणं थांबलेलं असायचं आणि डॉक्टरांचं कामही उरकायचं.

हॉफमन यांचा जन्म १३ जून १८०९ चा. ते तान्हे असतानाच आई गेली. वडील वास्तुविशारद. त्यांनी पुढे मेहुणीशी लग्न केलं, म्हणजे मावशीच आई झाली. हायडेलबर्ग आणि हाले इथे शिकून हाइनरिश डॉक्टर झाले, गावी परतले आणि गरिबांच्या दवाखान्यात काम करू लागले. १८४० मध्ये टेरेझाशी लग्न झालं, पुढच्या वर्षी कार्ल झाला.

१८४४ चा नाताळ जवळ आला. तीन वर्षांच्या कार्लसाठी चित्रांचं पुस्तक आणायला डॉक्टर बाजारात गेले. दुकानात काय होतं? लांबलचक गोष्टी, नाहीतर मुलांनी चांगलं वागावं म्हणून कोरडे उपदेश. चांगलं वाग म्हटल्यानं तीन वर्षांचं पोर काय समजणार! त्याला दिसलं पाहिजे. डॉक्टरांनी पुस्तक घेतलंच नाही. एक कोरी वही घेऊन घरी आले. फावल्या वेळात बसून त्यांनी त्यात चित्रं काढली, रंगवली, खाली सोप्या यमकांच्या ओळी लिहिल्या. दवाखान्यातला तो झिंज्यावाला पोरगा शेवटच्या पानावर, पान उरलं होतं म्हणून!

वही कार्लपेक्षा मोठ्यांनाच जास्त आवडली. त्यांच्या मित्रमंडळात एक प्रकाशक होते, ते मागेच लागले. डॉक्टरांनी अट घातली की पुस्तक स्वस्त हवं आणि बांधणी फार मजबूत नको, कारण मुलांची पुस्तकं फाटण्यासाठीच असतात. (आपण मात्र वरच्या फळीवर ठेवतो.) त्यांची चित्रं अगदी साधी, हौशी हाताची होती. छापखान्यातल्या चित्रकारांनी ती ‘सुधारू’ नयेत म्हणून ते स्वतः जाऊन लक्ष ठेवायचे. १८४५ मध्ये टोपणनावानं पंधराशे प्रती निघाल्या आणि काही आठवड्यांतच संपल्या. मुलांना सगळ्यात आवडला तो शेवटच्या पानावरचा पोरगा. मग तोच मुखपृष्ठावर आला आणि पुस्तकाचं नावच ‘श्ट्रुवेलपेटर’ पडलं, म्हणजे आपला झिपऱ्या पीटर. १८७६ मध्ये शंभरावी आवृत्ती निघाली. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांनी १८९१ मध्ये आपल्या लेकींसाठी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं.

आता मला खटकतं ते सांगते. या पुस्तकात अंगठा चोखणाऱ्या कोनराडचे अंगठे एक शिंपी भल्यामोठ्या कात्रीनं कापून टाकतो. सूप नको म्हणणारा गुटगुटीत कास्पर पाचव्या दिवशी मरतो आणि त्याच्या थडग्यावर सूपचं भांडं! डॉक्टरांची भीती घालू नका म्हणणाऱ्या माणसानं हे लिहावं? काहीजण म्हणतात, ते इतकं अतिरेकी आहे की मुलं हसतातच. हसतही असतील. पण अंगठा चोखणाऱ्या माझ्या पोराला मी रात्री झोपताना ते वाचून दाखवलं नसतं. जेवताना खुर्ची झुलवत टेबलावरचं सगळं घेऊन पडणारा चुळबुळ्या फिलिप मात्र कुठल्याही आईला ओळखीचा वाटेल. आज जर्मनीत अतिचंचल मुलांना त्याच्याच नावानं ओळखतात.

पुस्तकानं नाव झालं, पण हॉफमन स्वतः ज्याला आयुष्याचं काम मानायचे ते वेगळंच होतं. १८५१ मध्ये ते शहराच्या वेड्यांच्या इस्पितळाचे प्रमुख झाले. जागा कोंदट, अपुरी. हे रुग्ण म्हणजे आजारी माणसं, त्यांना उजेड, बाग, मोकळी हवा हवी, यासाठी त्यांनी बाहेरची इस्पितळं पाहिली, पैसे जमवले, लोकांना पटवलं. १८६४ मध्ये गावाबाहेर नवी इमारत उभी राहिली. लोक तिला वेड्यांचा राजवाडा म्हणून चिडवायचे. १८८८ मध्ये ते निवृत्त झाले. त्याच वर्षी तिथे एक तरुण डॉक्टर रुजू झाले, अलॉइस अल्झायमर. विस्मरणाच्या आजाराला ज्यांचं नाव आहे, तेच.

ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप झाला तो कार्ल मोठा होऊन दूर दक्षिण अमेरिकेत, पेरू देशात गेला आणि १८६८ मध्ये, ऐन तारुण्यात, तिथेच वारला. घरोघरी झिपऱ्या पीटर वाचला जात होता तेव्हा या बाबांना काय वाटत असेल, कोण जाणे. त्यानंतरही ते इस्पितळात वीस वर्षं काम करत राहिले. २० सप्टेंबर १८९४ ला ते गेले. कार्लसाठी केलेली ती वही आज न्यूरेंबर्गच्या संग्रहालयात आहे.