गॅरेज नव्हते तेव्हाची पहिली दुरुस्ती

गाडी सुरू करताच बॉनेटखालून पट्टा किंचाळू लागला, अल्टरनेटर थरथरू लागला, की चालकाच्या कपाळावर आठ्या पडतात. पट्टा सैल झाला, झिजला की अल्टरनेटरचे बेअरिंग गेले, याचा छडा लावायला आज मेकॅनिक आहेत. गॅरेज हा शब्दही कुणाला ठाऊक नव्हता, त्या काळात एका स्त्रीने गाडीची दुखणी ओळखून भररस्त्यात त्यांवर इलाज केला. त्या होत्या बर्था बेंझ.

जर्मनीतील फोर्झहाइम येथे ३ मे १८४९ रोजी त्यांचा जन्म झाला. १८७२ मध्ये अभियंता कार्ल बेंझ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याआधीच आपल्या हुंड्याची रक्कम आगाऊ मागून घेऊन त्यांनी कार्ल यांचा अडचणीत आलेला कारखाना सावरला होता. कार्ल यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पण घोड्यावाचून धावणाऱ्या या वाहनावर लोकांचा विश्वास बसेना. संसाराची सारी पुंजी पणाला लागली होती.

ऑगस्ट १८८८ मधील एका पहाटे पतीला न सांगता बर्था यांनी गाडी बाहेर काढली. यूजेन आणि रिशार्ड या दोन मुलांना सोबत घेऊन त्या मानहाइमहून माहेरी, फोर्झहाइमला निघाल्या. अंतर होते सुमारे १०४ किलोमीटर. त्या गाडीत इंजिनाची शक्ती चामडी पट्ट्याने आडव्या दांड्याकडे आणि तेथून साखळ्यांनी मागच्या चाकांकडे जात असे. आज पट्ट्यावर अल्टरनेटर फिरतो, तेव्हा सबंध गाडीच पट्ट्यावर चालत होती.

वाटेत बिघाडांची मालिकाच सुरू झाली. इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या लांब टाचणीने मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरील आवरण निघाले, तेथे मोज्याचा बंद गुंडाळला. ताणलेल्या साखळ्या लोहाराकडून ठीक करून घेतल्या. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. इंधन संपत आले, तेव्हा वीसलोख येथील औषधांच्या दुकानातून लिग्रोइन घेतले. चढावर मुलांनी गाडी ढकलली. संध्याकाळी फोर्झहाइमला पोहोचल्यावर कार्ल यांना तार गेली.

या प्रवासाचे खरे मोल त्यानंतर कळले. प्रत्येक बिघाडाचे कारण आता ठाऊक झाले होते. चढासाठी आणखी एक गिअर हवा, ब्रेकला चामड्याचे अस्तर हवे, हे कारखान्यात बसून सुचले नव्हते, ते रस्त्याने शिकवले. त्यानुसार गाडीत सुधारणा झाल्या. प्रवासाचा बोलबाला झाला आणि मोटार लांबचा पल्ला गाठू शकते, हेही लोकांना पटले.

वयाच्या ९५ व्या वाढदिवशी कार्ल्सरूह येथील तंत्रविद्यापीठाने बर्था यांना मानद सिनेटरपदाचा सन्मान दिला. त्यानंतर दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ रोजी, लाडेनबुर्ग येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या जाण्यायेण्याचा १९४ किलोमीटरचा मार्ग २००८ पासून त्यांच्या नावाने ओळखला जातो. गाडीच्या कुरकुरीकडे कानाडोळा न करता तिचे कारण शोधणाऱ्या या पहिल्या प्रवासिनीचे यापेक्षा समर्पक स्मारक दुसरे कोणते असणार?