पदक घरी आले, जवान आला नाही

माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. तालुक्यातील पळसगाव हे त्यांचे गाव. 1921 साली त्यांचा जन्म झाला, तेव्हा रायगडला कुलाबा जिल्हा म्हणत. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधून ते दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले.

10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनने अगदी जवळून मारा केला. घाडगे यांच्या तुकडीतले सगळे साथीदार ठार वा जखमी झाले. ते एकटेच पुढे धावले. हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली. गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने लढले आणि ठाणे घेतले. तिथेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. वय अवघे 22.

शौर्याचा सर्वोच्च सन्मान, व्हिक्टोरिया क्रॉस, मरणोत्तर त्यांच्या पत्नीच्या हाती आला. पार्थिव मात्र सापडलेच नाही. कासिनोच्या स्मारकावर फक्त नाव उरले.

इटलीच्या लढाईतील 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी 6 भारतीय सैनिकांचे. 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवर एकाच दिवशी दोघांनी तो मिळवला: नगर जिल्ह्यातील नामदेव जाधव आणि कोहाटकडील पठाण शिपाई अली हैदर. गोळीने धर्म विचारला नाही, पदकानेही नाही.

2023 मध्ये इटलीतील मोंतोने गावाने घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्यावरील लेखाचा भाव आहे. पळसगावचा जवान ज्या मातीत मिसळला, तिथले लोक आज त्याच्या नावाच्या घड्याळावर वेळ पाहतात.