अश्वविद्येचे धनी विष्णुपंत छत्रे

घोड्यावरच्या कसबाने ज्यांनी परदेशात नाव मिळवले, अशा मराठी माणसांत आम्हाला पहिले आठवतात ते विष्णुपंत मोरेश्वर छत्रे. त्यांचा जन्म सांगली भागातील अंकलखोपचा. पण विद्या मिळाली ती आपल्या आजच्या मध्य प्रदेशात, ग्वाल्हेरला. म्हणून पांढुर्णा-सौसरच्या मराठी घरांना ते परके नाहीत.

गाण्याच्या ओढीने ते तरुणपणी ग्वाल्हेरला गेले. तेथे हद्दू खाँसाहेबांकडे गायन आणि बाबासाहेब आपट्यांकडे अश्वविद्या शिकले. परतल्यावर कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानात घोडे तयार करण्याची चाकरी मिळाली.

१८७९ च्या सुमारास चिअरिनी या इटालियन गृहस्थांची सर्कस मुंबईस आली. हिंदुस्थानात अशी सर्कस निघायला अजून पुष्कळ काळ लागेल, असे ते म्हणाल्याचे सांगतात. विष्णुपंतांच्या मनाला ते लागले. सर्कशीचे रिंगण मुळात घोड्यासाठीच असते. सुमारे ४२ फूट व्यासाच्या त्या वर्तुळात घोडा एका चालीने धावत राहिला, की पाठीवर उभ्या राहिलेल्या स्वाराला तोल साधता येतो. ही विद्या त्यांच्या हातची होती. संस्थानिकांचा आधार मिळाला आणि १८८० मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी राहिली.

खेळ होवो न होवो, घोड्यांचा चारा आणि माणसांचा पगार चुकत नाही. हा भार त्यांनी अंगावर घेतला. त्यांची सर्कस देशभर फिरली, सिलोन व आग्नेय आशियातही गेली. केरळच्या तलश्शेरीचे कीलेरी कुन्हीकण्णन यांना तिच्यापासूनच प्रेरणा मिळाली. त्यांनी १९०१ मध्ये सर्कस शिकवणारी शाळा काढली आणि पुढे केरळ सर्कशीचे माहेरघर झाले.

या सगळ्या व्यापात विष्णुपंत गुरूला विसरले नाहीत. हद्दू खाँसाहेबांचे पुत्र रहिमत खाँ हे थोर गवई; पण व्यसनाने व मनाच्या आजाराने ते रस्त्यावर आले होते. विष्णुपंतांनी त्यांना आपल्याकडे आणले, सांभाळले आणि त्यांच्या मैफली घडवून आणल्या. विष्णुपंतांच्या मागे बंधू काशीनाथपंतांनी तोच धर्म पाळला. रहिमत खाँ १९२२ मध्ये कुरुंदवाडलाच वारले.

घोड्याच्या विद्येवर मिळवलेला पैसा गाण्याच्या गुरूचे ऋण फेडायला लागला. आपल्या मुलांना सर्कशीची गोष्ट सांगताना एवढे जरूर सांगावे, असे आम्हाला वाटते.