मॉन्टेसरीबाईंचे सोनेरी मणी

वाचकहो, प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातील सहाशे सहासष्ट ही संख्या आपणांस परिचित आहे. काही प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत ती तीन निरनिराळ्या अक्षरांनी लिहिलेली आढळते. सहाशेचे अक्षर वेगळे, साठाचे वेगळे, सहाचे वेगळे. आपण मात्र ६६६ असा एकच अंक तीनदा लिहितो आणि त्याचे मोल त्याच्या स्थानावरून ओळखतो. भारतात उदयास आलेली ही रीत आपल्या अंगवळणी पडली आहे. पाच वर्षांच्या बालकाला ती किती गूढ वाटत असेल, याचा विचार ज्या विदुषीने केला, त्या मारिया मॉन्टेसरी.

त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील क्यारावाल्ले या गावी कॅथलिक कुटुंबात झाला. १८९६ साली रोम विद्यापीठाची वैद्यकीय पदवी त्यांनी मिळविली. वेड्यांच्या इस्पितळात डांबलेली मंदबुद्धीची मुले त्यांनी तेथेच पाहिली आणि त्यांना औषधापेक्षा शिक्षण हवे, हे ओळखले. पुढे ६ जानेवारी १९०७ रोजी, मागी लोकांनी बाळ येशूचे दर्शन घेतल्याच्या सणादिवशी, रोममधील सान लोरेन्झो या दरिद्री वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले.

त्यांच्या सोनेरी मण्यांविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. एक सुटा मणी म्हणजे एकक. दहा मणी तारेत ओवले की दशकाची कांडी होते. दहा कांड्या शेजारी शेजारी जोडल्या की शतकाचा चौरस आणि असे दहा चौरस एकावर एक रचले की हजाराचा घन. बालक एका हातात मणी आणि दुसऱ्या हातात घन घेते, तेव्हा हजार म्हणजे काय हे त्याचा तळहातच त्याला सांगतो. सोबत अंकांच्या पट्ट्या असतात. ४००० च्या लांब पट्टीवर ३००, त्यावर २० आणि शेवटी ५, अशा उजव्या कडा जुळवून ठेवल्या की ४३२५ दिसतात. शून्ये दडतात, पण नाहीशी होत नाहीत. पट्टी उचलली की पुन्हा दिसतात. मणी मोजताना दहा झाले की मूल ते परत करून एक कांडी आणते. आपण लहानपणी ‘हातचा एक’ घोकला. तो येथे खरोखरच हातात येतो. दहाऐवजी पाचांची कांडी धरली, तरी व्यवहार हाच राहतो.

मराठी बालकापुढे आणखी एक पेच असतो. ‘बेचाळीस’ म्हणताना दोन आधी, लिहिताना चार आधी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘चाळीस दोन’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! चार कांड्या आणि दोन मणी ज्याच्यापुढे आहेत, त्या मुलाला मात्र दोन्ही नावे चालतात.

परक्यांच्या लेकरांसाठी झटणाऱ्या या बाईंचा स्वतःचा मुलगा मात्र त्यांच्यापासून दूर वाढला. मारिओ १८९८ साली विवाहाबाहेर जन्मला आणि खेड्यातील एका कुटुंबाकडे सोपविला गेला. बाईंची आई १९१२ साली निवर्तल्यानंतरच तो त्यांच्याजवळ आला, आणि तरीही लोकांत त्याची ओळख भाचा म्हणून करून दिली जाई. हे झाकावे, असे काही भाविकांस वाटते. मला तसे वाटत नाही. मत्तयाने दिलेली वंशावळी तामारेचे नाव गाळीत नाही.

१९३९ साली मायलेक मद्रासजवळील अड्यार येथे थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून आले. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि मारिओला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून आपल्या अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. ३१ ऑगस्टला बाईंचा सत्तरावा वाढदिवस होता. त्या निमित्ताने व्हाइसरॉयांनी मारिओची मुक्तता केली. तारेत त्याचा उल्लेख त्यांचा पुत्र असा होता. पुढे कोडाईकनाल येथे दोघांनी मोठ्या मुलांच्या शिक्षणसाहित्यावर एकत्र काम केले.

६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नॉर्डवेक येथे बाईंचे निधन झाले. तेथील कॅथलिक दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. मृत्युपत्रात त्यांनी मारिओला आपला मुलगा म्हटले होते.